वरून पाहिलं की वरवर पाहिलं?

आलेलं पत्र

बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय तेवीस. शाळा मराठीतून, डिप्लोमा इंग्रजीतून. गेल्या वर्षापासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीच्या कागदपत्रांचं काम बघते. सोमवारी पुण्याच्या पार्टीला माल गेला, कास्टिंग्ज म्हणजे ओतीव भाग, १२० नग. सोबत मी मेल पाठवला. त्यात लिहिलं, ‘ऑल द कास्टिंग्ज वेअर ओव्हरलुक्ड बाय अवर क्वालिटी हेड.’ मला म्हणायचं होतं की सगळा माल आमच्या हेडनी स्वतःच्या नजरेखालून घातलाय. दुसऱ्या दिवशी पार्टीचा फोन. ‘हेडनी माल बघितलाच नाही असं तुम्हीच लिहून देताय, मग आम्ही उतरवून कशाला घ्यायचा?’ गाडी त्यांच्या गेटवर उभी. इकडं मालक चिडले. पण मला लागलं ते वेगळंच. हेडना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तीस वर्षं हेच काम करत आलेत. त्यांनी त्या मेलची प्रिंट वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता शॉपमध्ये निघून गेले. आता बोलतात, पण कामापुरतं. बाई, ‘ओव्हर’ म्हणजे वर, ‘लुक’ म्हणजे बघणं. मग वरून बघणं म्हणजे देखरेख नाही तर काय? मोबाईलवर अर्थ काढला होता, त्यातसुद्धा ‘देखरेख करणे’ होतं. चुकलं कुठं माझं? ‘वॉच’ लिहिलं असतं तर चाललं असतं का? आणि अण्णांना काय सांगू? गोड म्हणून कुंदा घेऊन जाऊ का?

उत्तर

पोरी, तुला ‘तू’च म्हणते. माझ्या धाकट्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी आहेस, एवढंच.

आधी माझं ऐक, म्हणजे तुझा जीव थोडा खाली पडेल. नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी परीक्षेच्या हॉलवर माझी नेमणूक झाली होती. संपल्यावर इंग्रजीत अहवाल द्यायचा असे. मी ठसक्यात लिहिलं, ‘आय ओव्हरलुक्ड द एक्झामिनेशन हॉल फॉर थ्री अवर्स.’ हेडमास्तरांनी लाल शाईने त्या एका शब्दाभोवती गोल काढला आणि म्हणाले, ‘बाई, मग तुमच्या हॉलमध्ये मुलांनी पुस्तकं उघडून लिहिलं असेल तर आम्ही कुणाला विचारायचं?’ स्टाफरूममध्ये आठ दिवस हसत होते. तेव्हा मोबाईल नव्हता, पण डोक्यातली गणितं तुझीच होती. ओव्हर अधिक लुक बरोबर देखरेख.

आता शब्दाकडे येऊ. इंग्रजी थोडा वेळ बाजूला ठेव आणि आपल्याच भाषेत ही दोन वाक्यं म्हणून बघ. ‘अण्णांनी माल वरून बघितला.’ ‘अण्णांनी माल वरवर बघितला.’ पहिल्यात अण्णा साहेब आहेत, पायरीवर उभे राहून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवून आहेत. दुसऱ्यात त्यांनी पाट्या टाकल्यात. मध्ये फरक किती? एक ‘वर’ जास्तीचा, नाहीतर एक ‘ऊन’ कमी. तुझ्या ‘ओव्हर’चं नेमकं हेच झालंय. ‘ओव्हर’ म्हणजे वर, हे तू बरोबर धरलंस. पण वर असलेली नजर दोन प्रकारे वागते. एक तर ती खाली सगळीकडे फिरते, नाहीतर खालच्या वस्तूच्या डोक्यावरून पलीकडे निघून जाते. राजहंसगडावर उभी राहिलीस तर येळ्ळूरची शेतं एका नजरेत येतात, पण तुझ्या पायाशी तटाच्या कपारीत बसलेला सरडा तुला दिसत नाही. नजर त्याच्यावरूनच गेलेली असते की! इंग्रजीने ‘ओव्हरसी’ हा शब्द पहिल्या नजरेसाठी ठेवला आणि ‘ओव्हरलुक’ हा दुसऱ्या नजरेला देऊन टाकला.

नेहमी असंच होतं का? नाही. इथं तुझी बाजू घ्यावीशी वाटते. पूर्वीच्या इंग्रजीत ‘ओव्हरलुक’चा अर्थ देखरेख असाही होता. एकोणिसाव्या शतकात लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांत कामगारांवर देखरेख करणाऱ्या माणसाचा हुद्दाच ‘ओव्हरलुकर’ होता. म्हणजे तुझा मेल दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या गिरणीतून गेला असता तर कुणाची भुवईही हलली नसती. कोशात हा अर्थ अजून छापला जातो, म्हणून मोबाईलनं तो तुझ्यापुढे ठेवला. कोशाची गंमत अशी की तो घरातली सगळी भांडी एका फडताळात लावून ठेवतो, रोजच्या वापरातली आणि आजीच्या लग्नातली, शेजारी शेजारी. कुठलं काढून चहा करायचा, ते तो सांगत नाही.

त्याच फडताळातलं आणखी एक भांडं दाखवते, मग पुढे जाऊ. ‘ओव्हरलुक’ म्हणजे दृष्ट लावणं, असाही अर्थ होता. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकात नायिका पोर्शिया आपल्या प्रियकराला, बसानिओला, हेच सांगते, की तुझ्या डोळ्यांनी मला ‘ओव्हरलुक’ केलंय, म्हणजे भारून टाकलंय. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यांत दूध आटलेल्या गाईबद्दल, किरकिऱ्या पोराबद्दल हा शब्द वापरत. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो ते ज्यासाठी, तेच. तेव्हा अण्णा अगदीच ऐकेनात तर सांग, ‘मी तुम्हाला नाही, मालाला दृष्ट लावली होती.’ चेष्टा करते गं.

आजच्या इंग्रजीत ‘ओव्हरलुक’ तीनच ठिकाणी वापरायचा. नजरचुकीने काही राहून गेलं तर. ‘आय ओव्हरलुक्ड द सेकंड पेज’ म्हणजे दुसरं पान माझ्या नजरेतून सुटलं. हा सगळ्यात जास्त चालणारा अर्थ आणि पुण्याच्या पार्टीने तोच घेतला, त्यांची काही चूक नाही. दुसरं, दिसलं पण सोडून दिलं तर. ‘प्लीज ओव्हरलुक माय मिस्टेक’ म्हणजे माझी चूक पोटात घाला. इथं नजर चुकलेली नसते, माणसानं ती मुद्दाम वळवलेली असते, म्हणजे आपला कानाडोळा. त्यातला ‘काना’ कानाचा नव्हे हं, काणा डोळा तो, एक डोळा मिटून घेतलेला. इंग्रजांकडेही ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणतात आणि त्यांचा आरमारी सेनानी नेल्सन १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीची खूण दिसू नये म्हणून दुर्बीण आपल्या आंधळ्या डोळ्याला लावून बसला होता, अशी गोष्ट सांगतात. दोन्ही भाषांना एकच युक्ती सुचली. तिसरं, जागेबद्दल बोलताना. ‘द ब्रिज ओव्हरलुक्स द फॉल्स’, गोकाकच्या झुलत्या पुलावरून धबधबा समोर दिसतो तो प्रकार. इथं पाहणारं माणूस नसतं, पूल असतो, खिडकी असते, गड असतो. हॉटेलच्या जाहिरातीत ‘रूम ओव्हरलुकिंग द लेक’ असतं, त्याचा अर्थ खोली तळ्याकडे दुर्लक्ष करते असा कुणी घेत नाही.

म्हणजे खूण सोपी. कर्ता दगड-विटांचा असेल तर ‘ओव्हरलुक’ कौतुकाचा. कर्ता हाडामांसाचा असेल तर काहीतरी राहिलंय किंवा सोडून दिलंय. तुझ्या वाक्यात कर्ता अण्णा.

प्रमोशनच्या बाबतीत हा शब्द कानावर पडला तर दचकू नकोस. ‘शी वॉज ओव्हरलुक्ड’ म्हणजे तिला डावललं. पुढे कधी तरी लागेल.

आता मला आवडलेला भाग. तू सीमेवरची मुलगी आहेस, तीन भाषा घेऊन रोज बसमध्ये चढतेस, म्हणून हे तुलाच सांगण्यात मजा आहे. ‘वरून पाहणे’ या एकाच कल्पनेतून जगाने किती हुद्दे काढलेत बघ. ‘सुपरवाइज’ हा लॅटिनचा, ‘सुपर’ म्हणजे वर आणि पुढचा तुकडा पाहण्याचा. ‘सर्व्हे’ फ्रेंचमार्गे आला, तोही वर अधिक पाहणं. सिटी सर्व्हेच्या कचेरीत उतारा काढायला जातेस तेव्हा वरून पाहणाऱ्यांच्या दारातच उभी असतेस. ‘सर्व्हेलन्स’मध्ये वर अधिक जागं राहणं. कॅम्पात फातिमा कॅथेड्रल आहे ना, तिथल्या बिशपचा ‘बिशप’ हा शब्द ग्रीक ‘एपिस्कोपोस’वरून झिजत आलाय, त्याचाही अर्थ वरून पाहणारा, ओव्हरसियर. आणि आपला ‘अधीक्षक’? अधि म्हणजे वर, ईक्षक म्हणजे पाहणारा. डाक अधीक्षक, रुग्णालयाचे अधीक्षक आणि बिशप, शब्दापुरते सगळे एकाच कुळातले.

कन्नड मात्र इथं वेगळी वाट धरते. सुपरवायझरला तिथं ‘मेल्विचारक’. ‘मेल्’ म्हणजे वर, हे ठीक. पण पुढे पाहणं नाही, विचारणं आहे. वरून चौकशी करणारा. अंगणवाडीच्या बाईंना विचार, मेल्विचारकी आली की ती बघते कमी आणि विचारते जास्त. मला तर हा शब्द जास्त खरा वाटतो.

आणि ‘उस्तुवारी सचिव’! कन्नड पेपरात जिल्ह्याच्या पालकमंत्र्याला असं म्हणतात, म्हणजे ज्याच्या अंगावर जिल्ह्याची जबाबदारी. आपल्याकडे बाळंतिणीची उस्तवार करतात, आजारी माणसाची उस्तवार करतात. शब्द एकच. एका गावात तो मंत्र्याच्या गाडीत बसला, दुसऱ्या गावात बाळंतिणीच्या खोलीत शेगडीपाशी. ‘निरीक्षण’चंही तसंच. आपण निरीक्षण करतो म्हणजे बारकाईने बघतो. कन्नडमध्ये ‘निरीक्षे’ म्हणजे अपेक्षा आणि ‘निरीक्षिसि’ म्हणजे वाट पाहा. कन्नड शिकताना मी यावर ठेचकाळले होते. सिनेमाच्या पोस्टरवर ‘निरीक्षिसि’ वाचून मला वाटलं, बारकाईने बघा म्हणतात, म्हणून मी पोस्टरच बारकाईने बघत उभी राहिले. मग लक्षात आलं, आपणही ‘वाट पाहतो’च की. डोळे लावून बसणं हेच वाट पाहणं. इंग्रजी ‘वेट’सुद्धा मुळात टेहळणीचाच शब्द होता.

हे सगळं सांगायचं कारण, पाहण्याचे शब्द असे घसरतातच. आणि ‘ओव्हरलुक’ घसरला तसाच आपलाही एक शब्द नेमका त्याच उतारावरून घसरलाय. ‘उपेक्षा.’ फोड कर. उप अधिक ईक्षा. जवळून नजर टाकणं. यात दुर्लक्ष कुठं आहे? कुठंच नाही. पण संस्कृतातच त्याचा अर्थ झाला नुसतं बघत राहणं, हात न लावता बघणं आणि तिथून सरळ दुर्लक्ष करणं. आज ‘उपेक्षित’ म्हटल्यावर कुणाच्या मनात पाहण्याचा विचारही येत नाही. अपेक्षा, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा सगळ्या बहिणी चांगल्या घरी पडल्या, उपेक्षा एकटीच अशी. जर्मनमध्येही ‘वर’ आणि ‘पाहणे’ जोडून जे क्रियापद होतं, त्याचा आज सर्रास चालणारा अर्थ नजरेतून सुटणं. म्हणजे हा फक्त इंग्रजांचा खोडसाळपणा नव्हे. उद्या कुणी परदेशी माणूस मराठी शिकून तुझ्या मालकांना लिहील, ‘आम्ही आपल्या मालाची उपेक्षा केली आहे’, आणि त्याला वाटेल की आपण जवळून बघितल्याचं सांगितलं. तेव्हा त्याच्यावर हसू नकोस.

आता ‘ओव्हरसाइट’. हा तू विचारला नाहीस, पण तुझ्या कामात आज ना उद्या येणारच आणि हा ‘ओव्हरलुक’पेक्षा दुप्पट फसवा आहे, कारण याने दोन्ही अर्थ अजून सोडलेले नाहीत. देखरेख म्हणजे ओव्हरसाइट आणि नजरचूक म्हणजेही ओव्हरसाइट. जानेवारी २०२३ मध्ये कुस्ती महासंघावरच्या आरोपांची चौकशी करायला आणि रोजचा कारभार बघायला केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचं नावच ‘ओव्हरसाइट कमिटी’. आमच्या गल्लीत तालमीत जाणारी पोरं आहेत, त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, ‘बाई, चूक कुणी केली ते शोधायची कमिटी म्हणून असं नाव का?’ मला उत्तर द्यायला एक क्षण लागला. देखरेख समिती, बाळा.

ओळखायचं कसं? पुढे-मागे काय चिकटलंय ते बघ. ‘अ‍ॅन ओव्हरसाइट’ असं एकटं, मोजता येण्यासारखं आलं की ती चूक. एक झाली, दोन झाल्या. ‘ओव्हरसाइट ऑफ द प्रोजेक्ट’, ‘अंडर द ओव्हरसाइट ऑफ’ असं आलं की देखरेख, ती मोजत नाहीत. बिलाच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ छापलेलं असतं ना, चुका आणि राहिलेल्या गोष्टी वगळून, तो आपल्या ‘चूकभूल द्यावी घ्यावी’चा इंग्रज भाऊ. त्यातली ‘भूल’ म्हणजे ‘अ‍ॅन ओव्हरसाइट’. ‘चूक’ वेगळी, ‘भूल’ वेगळी. ही गोष्ट पुढे तुझ्या मेलला लागणार आहे, लक्षात ठेव.

‘वॉच’ चाललं असतं का? नसतं. ‘सी’ म्हणजे दिसणं, ‘लुक’ म्हणजे बघणं, ‘वॉच’ म्हणजे बघत राहणं. आपल्या बेळगावी मराठीत ‘काय बघूलालास?’ म्हणतात तेव्हा जे चाललेलं असतं, ते ‘वॉच’. समोर काहीतरी हलत-बदलत असावं लागतं. मॅच, पाखरं, दुधाचं पातेलं. शब्दाचं मूळ जागं राहण्यात आहे, म्हणून पहाऱ्याला वॉच. तुझ्या खानापूरकडे भात पिकायला आलं की डुकरं आणि गव्यांपायी माणसं रात्र-रात्र माळ्यावर राखणीला बसतात, ते अस्सल ‘वॉच’. कास्टिंग टेबलावर पडून असतं. अण्णांनी ते ‘वॉच’ केलं म्हटलंस तर पार्टीला वाटेल, १२० नगांसमोर खुर्ची टाकून बसले होते. ‘मॉनिटर’ भट्टीच्या तापमानासाठी ठीक, जिथं आकडा वर-खाली होतो आणि कुणी तरी ओरडून सांगावं लागतं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, मूल, म्हैस, स्टोअर. कन्नडमध्ये ‘नोड्को’ म्हणतात ते. मराठीत मात्र त्याचं शब्दाला शब्द ठेवून ‘बघून घेतो’ म्हणशील तर समोरचा बाही सरसावेल. ‘लुक ओव्हर’ची तर कमाल बघ. तेच दोन तुकडे, फक्त उलटे ठेवले, की अर्थ होतो नजरेखालून घालणं, जे तुला म्हणायचं होतं! ‘ही लुक्ड ओव्हर द रिपोर्ट.’ पण त्यातही थोडा ‘एकदा चाळून बघितलं’ असा वास आहे, म्हणून तपासणीसाठी तोही नको.

तुझ्या कामात खरं तर ‘पाहणं’ हा शब्दच अपुरा आहे, असं मला वाटतं. माझे दीर फाउंड्रीतच मोल्डिंगमध्ये, म्हणजे साचे करायला, होते, नंतर इन्स्पेक्शनला आले. एकदा घरी एक रिजेक्ट झालेला नग आणला होता, पेपरवेट म्हणून. हाताच्या पंजात मावेल एवढा, वरून इतका गुळगुळीत की गालाला लावावा. त्यांनी तो मला दिला आणि म्हणाले, ‘वैनी, दोष शोधा.’ मी चष्मा लावून पाच मिनिटं फिरवला, काही सापडेना. मग त्यांनी तो दिव्याखाली तिरका धरला. एका कडेला मोहरीएवढी काळी टिकली. त्यात सुईचं टोक घातलं तर सुई आत गेली, अर्धी. ब्लो होल. वितळलेल्या लोखंडात वायू अडकतो, बाहेर पडायला वाट मिळत नाही, लोखंड थिजतं आणि आत पोकळी राहते. कधी कधी तेवढी टिकलीही दिसत नाही, पार्टीकडे मशीनवर चढवून पहिला कट घेतला की भोक उघडं पडतं. म्हणून ते नुसते बघत नसत. बोट फिरवत, दिव्याचा कोन बदलत, छोट्या हातोडीने टिचकी मारून नाद ऐकत, गेज लावत. तुझे अण्णा तीस वर्षं हेच करत आलेत. अशा माणसाच्या कामाला तू लिहिलंस, वरवर बघितलं. चष्मा काढून का ठेवला, कळलं का आता? तो शब्द त्यांना इंग्रजीत नीट कळला म्हणूनच ठेवला.

म्हणून ‘इन्स्पेक्टेड’ लिही. साधा, जुना, कुणालाही कळणारा. अण्णांनी स्वतः तपासले असतील तर ‘इन्स्पेक्टेड बाय’. पोरांनी तपासले आणि अण्णा डोक्यावर उभे होते असं असेल तर ‘इन्स्पेक्टेड अंडर द सुपरव्हिजन ऑफ’. यातलं खरं कुठलं ते आधी विचारून घे, कारण १२० नग एकट्यानं तपासणं आणि तपासून घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि पार्टी आता प्रत्येक अक्षर वाचणार आहे. ‘ओव्हरसी’ हा अर्थाने बरोबर असला तरी या मेलमध्ये घालू नकोस. एक तर त्याचं भूतकाळाचं रूप ‘ओव्हरसॉ’, तू घाईत ‘ओव्हरसीड’ लिहिशील. आणि दुसरं, ज्याचं तोंड एकदा ‘ओव्हर’ने पोळलंय त्याला पुन्हा ‘ओव्हर’ कशाला वाढायचं?

मेल आजच पाठव, फोनवर भागवू नकोस. पहिला मेल लेखी गेलाय, त्यांच्या फाईलला लागलाय. सहा महिन्यांनी एखादा नग फुटला तर तोच कागद काढून दाखवतील. असं लिही: ‘डिअर सर, इन माय मेल ऑफ मंडे आय रोट दॅट द कास्टिंग्ज वेअर ओव्हरलुक्ड. दॅट वॉज द राँग वर्ड. ऑल १२० कास्टिंग्ज वेअर इन्स्पेक्टेड बाय अवर क्वालिटी हेड बिफोर डिस्पॅच. द साइन्ड इन्स्पेक्शन रिपोर्ट इज अटॅच्ड. आय रिग्रेट द एरर.’ पाच वाक्यं, सहावं नको. रिपोर्टवर अण्णांची सही आहे ना, ते जोडण्याआधी बघ. आणि ‘ड्यू टू अ‍ॅन ओव्हरसाइट’ लिहायचा मोह होईल, ऑफिसात सगळे लिहितात. लिहू नकोस. ती भूल नव्हती. भूल म्हणजे काही राहून गेलं. तू काही विसरली नाहीस, विचार करून चुकीचा शब्द निवडलास. ती चूक, ‘एरर’. शिवाय ज्या पार्टीला माल बघितलाच नाही असा संशय आहे, तिला ‘ओव्हरसाइट’ हा शब्द दाखवणं म्हणजे पुन्हा गेटवर गाडी उभी करणं. मालकांना आणि अण्णांना दोघांनाही कॉपी ठेव.

राहिले अण्णा. त्यांच्याशी इंग्रजीत ‘सॉरी’ म्हणू नकोस आणि केबिनमध्ये सगळ्यांसमोरही नको. ते शॉपमध्ये जिथं उभे राहून नग बघतात, तिथं जा. हातात पहिल्या मेलची प्रिंट घे. मराठीत सांग, ‘अण्णा, मला लिहायचं होतं तुम्ही स्वतः तपासलं. लिहिलं गेलं तुम्ही बघितलंच नाही. शब्दाचा अर्थ मला उलटा माहीत होता. दुरुस्तीचा मेल गेलाय, तुम्हाला कॉपी आहे.’ मग गप्प राहा. ते ‘असू दे गं’ म्हणतील किंवा म्हणणार नाहीत. म्हणाले नाहीत तर उभं राहून विचार, ‘ही टिकली दिसते ती ब्लो होल कशी ओळखायची?’ तीस वर्षं तो प्रश्न त्यांना कुणी धड विचारलेला नसेल.

कुंदा ने, पण दोन दिवसांनी. मेलच्या दिवशी नेलास तर लाच वाटेल. आणि अण्णांना साखर आहे का ते आधी कुणाला तरी विचार. त्या वयाची निम्मी माणसं डब्याकडे नुसती ‘वॉच’ करत बसतात.